सुपारीचे गुडघे

बोरखेडी,
२४ ऑगस्ट २०२५

चि. सौ. दामिनीस मैनाबाईचा भरभरून आशीर्वाद. वि. वि.

तुझी खुशाली अकोला गाडीच्या बंडू कंडक्टरनं सांगितली. डॉक्टरीणबाईनं निजून राहा म्हटलं तर निजूनच राहा, सातव्या महिन्यात माहेरचा झाडू हातात घेऊ नको. घरातला एकुलता फोन तुझ्या मामाजीच्या खिशात, अन् मी कानाले लावला का आत नुसती माशी गुणगुणते. म्हणून बंडूच्याच हाती हे कागद.

पोळ्याची गोठ सांगते. औंदा गोठ्यात बैल नाही, तर तुझे मामाजी सकाळपासून तोंड पाडून बसले. कास्तकाराच्या घरी पोळ्याले पूजा कोणाची करावं? मंग म्हणाले, घरात खुराचं एकच जनावर आहे, सुनेची बकरी, तिचीच करू. सुपारीच्या शिंगाले बेगड लावली, आंगावर झूल टाकली अन् तोरणाखाली नेऊन उभी केली. लोक हासले, पण बैलाले देतात तसं घरोघरी तिले दिलं, पुरणपोळी अन् उकडलेल्या ज्वारीचा ठोंबरा. तुझी बकरी खादाड, तिनं कोणाले नाही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोट तट्ट फुगलं. पातळ हागली, दात करकर वाजवत कोपऱ्यात उभी राहिली. ओवा चारला, आता बरी आहे. पण दूध निम्म्यावर आलं, अन् दोहाले बसली का लाथ मारते. तुले कधी मारली नाही, मलेच काहून मारून राहिली? सवतीवाणी वागते मेली! तू काळजी करू नको, लोभ आहेच तो वाढव.

तुझी आत्याबाई,
मैनाबाई


अकोला,
२५ ऑगस्ट

ती. आत्याबाईंच्या पायी दामिनीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. रागावू नका, पण पुरणपोळी? आत्याबाई, ती बकरी आहे. बैलाचं पोट केवढं, तिचं केवढं! तिची माय मेली तेव्हा मी तिले बाटलीनं दूध पाजून वाढवली. तिचं पोट मले माझ्या पोटाइतकं ठाऊक आहे.

लाथ मारते म्हणजे नाटक नाही, कुठंतरी दुखते तिले. कास दाबून पाहा, गरम किंवा कडक लागते का. पहिली धार काळ्या फडक्यावर काढा, दुधात गुठळ्या दिसतात का पाहा. रवंथ करते का, हेही बघा. धान्य, सरकीची ढेप, पोळी सगळं बंद करा, फक्त तुरीचं सुकं कुटार आणि पाणी. आणि वलगावहून जनावराच्या डॉक्टरले बोलवाच, ओव्यानं भागणार नाही.

तुमाले शिकवण्याइतकी मी मोठी नाही, पण मन राहत नाही. मामाजींना नमस्कार. माया असू द्या.

तुमची,
दामिनी


बोरखेडी,
२९ ऑगस्ट

चि. सौ. दामिनीस आशीर्वादावर आशीर्वाद. वि. वि.

तू म्हटलं तसं सगळं पाहिलं. कास नरम आहे, दूध साफ आहे, पोट उतरलं, रवंथही करून राहिली. मंग डॉक्टरले कशाले बोलवावं, असं तुझे मामाजी म्हणाले. अन् आता खरी गोठ ऐक, माय!

परवा सकाळी सुपारी अंगणात मारुतीच्या देवळाकडे तोंड करून पुढचे दोन्ही गुडघे टेकून बसली. मागचे पाय उभे, डोकं खाली, अगदी आपण नमस्कार करतो तशी. शेजारच्या गीतांजलीनं पहिलं पाहिलं अन् ओरडली. तेव्हापासून रोज तसंच, चारा खायाचा तरी गुडघ्यावर. वलगावचे लोक येऊन गेले, काल चांदूर बाजारच्या बाया आल्या. तुझे मामाजी खाटेवर बसून सगळ्यांना पोळ्याची कथा सांगतात. बैल गेल्यापासून त्यांचं तोंड एवढं फुललेलं मी पाहिलं नव्हतं.

लोक म्हणतात, घरात बाळ येणार आहे, त्याच्यासाठी ती देवाले साकडं घालून राहिली. माझ्या डोळ्याले पाणीच आलं. तू धान्य बंद कर म्हटलं होतं, मी केलंही, पण लोक गूळखोबरं, ठोंबरा घेऊन येतात. नैवेद्याले नाही कसं म्हणावं? महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी तर सारं गाव तिच्यापुढं ताट ठेवणार आहे, पुरणावरणाचं. तू तिकडूनच हात जोड अन् आमच्यावरची माया कमी करू नको.

तुझी,
मैनाबाई


अकोला,
३० ऑगस्ट

ती. आत्याबाईंस सा. न.

घाईत लिहिते, बंडूभाऊ दारात उभे आहेत.

ती नमस्कार करत नाही. तिचे पाय जळून राहिले, धान्य बाधलं का त्याची आग खुरात उतरते. तिच्या खुराले हात लावून पाहा, आधी मागच्या, मंग पुढच्या. पुढचे गरम लागले तर माझं खरं माना. आमच्या बाबांची बकरी एकदा ज्वारीच्या राशीत घुसली होती. पोट बरं झालं अन् आठवड्यानं ती अशीच गुडघ्यावर आली. सगळे कौतुक करत बसले. पुन्हा ती उभी राहिली नाही, बाबांनी तिले माझ्या डोळ्यांसमोर वावराच्या धुऱ्यावर पुरली.

मी मामाजींना फोन केला. ते म्हणाले, देवात खोट काढू नको, आणि ठेवून दिला. आता तुमीच. एक ताट जरी तिच्या पोटात गेलं तर मेली ती. माझ्या बाळाले आशीर्वाद पाहिजे तर तुमचा पुरे आहे, आत्याबाई.

दामिनी


बोरखेडी,
२ सप्टेंबर

चि. सौ. दामिनीस मैनाबाईचा जीवाभावाचा आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी सगळ्यांसमोर तिच्या पुढच्या खुराले हात लावला. तव्यावरून उतरवलेल्या भाकरीवाणी गरम! मागचे तेवढे नव्हते. तिनं पाय ओढून घेतला अन् अशी कण्हली का माझा जीव पाणी पाणी झाला. एवढे दिवस मी त्या कण्हण्यापुढं हात जोडून उभी होती, येड्याबह्याडासारखी.

काल महालक्ष्म्यांचं जेवण. दुपारी बाया ताटं घेऊन रांगेनं आल्या. मी फाटकाले कडी घातली अन् आडवी उभी राहिली. म्हटलं, बकरी आजारी आहे, ताट कोणीच ठेवायचं नाही. आधी हासल्या, मंग चिडल्या. गीतांजली तोंडावर म्हणाली का महालक्ष्मीचा नैवेद्य दारातून परत पाठवता, सून पोटुशी आहे, पुढं काही झालं तर गावाले बोल लावू नका. पण दामिनी, मी कडी सोडली नाही.

तुझे मामाजी जेवले नाही. मी गोपालले, तुझ्या चुलतदिराले, गाडी घेऊन वलगावले पाठवलं. डॉक्टर आला, सुया दिल्या, खुरं तासली, पाय थंड पाण्यात ठेवाले सांगितलं. आणखी दोन दिवस हा नैवेद्य चालला असता तर बकरी हाती लागली नसती, म्हणाला. पाय पहिल्यासारखा पडेल का, ते सांगता येत नाही. दूध या खेपेले गेलंच समज. पण आज सकाळी ती उठली, लंगडत दावणीपाशी आली अन् उभ्यानं कुटार खाल्लं. तुझ्या मामाजींनी घमेल्यात पाणी आणून तिच्या पायापाशी ठेवलं अन् वावरात निघून गेले.

आता दारात कोणी येत नाही. काल हळदीकुंकवाले मले कोणी बोलावलं नाही, त्याचं काही नाही. पण गीतांजलीचं ते बोलणं काळजात रुतून बसलं. बकरीसाठी मी देवीचं ताट परत पाठवलं. केलं ते बरोबरच केलं, हे डोक्याले समजते, पण मले भेव वाटून राहिलं, पोरी. घरात कोणाले सांगितलं नाही, तुलेच सांगते.

बाळ पोटात हालते का, एवढंच एका ओळीत लिहून दे. जास्त लिहू नको, निजून राहा. संध्याकाळच्या गाडीनं बंडू परत येईल, मी स्टँडवर उभी राहते.

तुझी,
आत्याबाई