भूमीचा डबा

अहो,

भूमी आज शेवटच्या तासाला चक्कर येऊन पडली. तुम्ही वर्ग सोडून मीटिंगमध्ये, म्हणून शाळेने मला बोलावलं. तिला घेऊन नेपानगरला आईकडे जातेय.

डॉक्टरांनी विचारलं, "मॅडम, बच्ची खाती क्या है?" मी ऐटीत तुमचं ते पोरांच्या डब्यांचे फोटो टाकायचं पोषणाचं अ‍ॅप दाखवलं. रोज भाकरी, मेथी, उसळ, केळं, आणि पुढे हिरवी खूण. ते म्हणाले, "फिर तो इसको पहलवान होना चाहिए."

रिक्षात भूमीने सांगितलं. तुम्हाला सगळा वर्ग हिरवा हवा होता आणि बाकीच्यांच्या डब्यात नुसती शेव. म्हणून मधल्या सुट्टीत तिचाच डबा बाकाबाकावरून फिरायचा, प्रत्येक पोराच्या नावाने त्याच डब्याचा फोटो निघायचा, आणि तो परत येईपर्यंत घंटा व्हायची. भरला डबा घरी आणला तर मी ओरडेन, म्हणून ती तो आपल्या फाटकाशी येणाऱ्या गाईला घालायची.

"पप्पांना बोलली का नाहीस गं?"

"शाळेत ते पप्पा नसतात. सर असतात."

गाय चांगली सुधारली आहे. तिचंही नाव अ‍ॅपमध्ये घाला.

मनातले मांडे ऐकून होते, तुम्ही वर्गाला मोबाइलमधले जेवू घातलेत. आज तुम्हीही त्याच पंगतीला बसा. तुमचं ताट वाढून फोटो पाठवलाय, हिरवी खूण आली आहे.

ताट गाईला घातलं.

ज्योत्स्ना