नंदा चालेल असं गाव

५ नोव्हेंबर १९७३, पाचगणी
नंदाचा पाय परत निळा पडला. शाळेला निघताना गुडघ्याखाली हात लावला तर दगड. दोन मोजे, वरून माझ्या जुन्या स्वेटरची बाही कापून चढवली, तरी तेच. पोलिओच्या पायात थंडी आधी शिरते आणि शेवटी निघते. चढावर तीनदा बसली. "आई, इथले रस्ते नुसते वरच का जातात गं?" आठ वर्षांची पोर. काय सांगू.
ऑफिसात साहेब म्हणाले, बदलीचे अर्ज आलेत. तीन गावं लिहायची, पसंतीप्रमाणे. आपल्या खात्याचं टेलिफोन ऑफिस असलेलं कुठलंही गाव. घेऊन ठेवला.

११ नोव्हें.
मिरज. नंदाचा लोखंडी बूट आखूड झालाय, माप दिलं. डॉक्टर म्हणाले, "बाई, हिला आता औषध नाही. ऊबदार गाव बघा आणि सपाट रस्ता. रोज मैलभर चालू द्या. उचलून घेऊ नका."
उचलून घेऊ नका म्हणाले आणि दि. आठवला. दिनकर. नाव पूर्ण लिहायचं नाही असं ठरवलं होतं. दि.च पुरे. नंदाचा बाप.
कऱ्हाडला असताना म्हणायचा, "तिला चालवू नकोस, कडेवर घे, लोक बघतात." जत्रेत आमच्यापुढं वीस पावलं. कुणी ओळखीचं भेटलं तर आम्ही त्याचे कुणीच नाही. ती तीन वर्षांची असताना सोडचिठ्ठीच्या कागदावर माझी सही घेतली. मीही केली. मूर्ख.
दवाखान्यापासून स्टेशनपर्यंत नंदा चालत आली. एकदाही बसली नाही. वाटेत तंबोरे करणाऱ्यांच्या दुकानापुढं उभी राहिली, एवढाले भोपळे उन्हात वाळत घातलेले. ऊन छान होतं.

१९ नोव्हें.
दुपारी लाइन मोकळी होती, तर सांगलीची ऑपरेटर कुसुम बोलली. ट्रेनिंगला बरोबर होतो आम्ही. म्हणाली, "सुमन, सांगू का नको कळत नाही. तुझा तो माझ्या मावशीच्याच गल्लीत राहतो. हळदीच्या पेढीवर कारकून आहे."
मी म्हटलं, राहू दे की.
"अगं, त्यानं दुसरं लग्न करताना मुलीकडच्यांना काय सांगितलं माहितीय? पहिलीला मूलच होत नव्हतं म्हणून सोडली."
मध्येच वाईचा कॉल आला. जोडून दिला. नंबर चुकला नाही, हे मुद्दाम लिहून ठेवते.
मूल होत नव्हतं. मग ही कोण? तिसरीच्या वर्गात पाढे म्हणते ती कोण?

२० नोव्हें.
ठरलं. पहिलं गाव सांगली.
शिव्या द्यायच्या नाहीत, भांडायचं नाही, पंच बोलवायचे नाहीत. त्याच गल्लीत खोली घ्यायची. नंदा रोज त्याच्या दारावरून शाळेत जाईल आणि येईल. बूट वाजतो तिचा. वाजू दे. त्याच्या पानातला घास तसाच राहिला पाहिजे. रोज. रविवार तेवढा सोडून, आणि रविवारी मी तिला देवळात नेईन, त्याच रस्त्यानं.
सांगली ऊबदार आहे, सपाट आहे. डॉक्टरांनी सांगितलंय ते सगळं आहे. कुणी मला नावं ठेवू शकत नाही.
किती तरी दिवसांनी जेवण गोड लागलं.

२ डिसें., कडेगाव
रजा घेऊन आईकडं. आईला वाटतं आम्ही इथून जवळच्या विट्याला यावं. "ऊनच पायजे तर विट्यात लय हाय. त्या सांगलीत कशाला नाक घासाय जातीस?"
"घासायला नाही, कापायला."
आईनं परातीत पीठ ओढलं. मग भाकरी थापता थापता म्हणाली, "आगं, तुझ्या रागाच्या मागं त्या पोरीनं किती चालायचं?"
आईला काय कळतंय.
तरी विटा तिसरं लिहीन. तिच्यासाठी.

३ डिसें., सांगली
कुसुमच्या मावशीकडं खोली आहे. पुढची, दाराला पायरी एकच. समोरून तिसरं घर त्याचं. मावशींना आम्ही कोण ते ठाऊक नाही, कुसुमनं "मैत्रीण" एवढंच सांगितलंय. बाई बोलायला मोकळी. न विचारता सगळं सांगत गेली.
"समोर ते जगदाळे. सून चांगली हाय बगा, शालन. पर चार वर्सं झाली, पोर न्हाई. म्हातारी लय छळती. उपास काय, नवस काय. आता तर तिसरीचं बोलतीया." मग आवाज बारीक करून, "आमी बायका आपसात काय म्हंतो, पयलीला बी न्हाई, हिला बी न्हाई, मंजी खोट कुनात? त्याच्यातच की!"
मी हसले. मावशींना वाटलं त्यांच्या बोलण्यालाच.
मावशी किल्ली आणायला आत गेल्या तोवर नंदा समोर जाऊन पोचली होती. शालन दारात वाल सोलत बसलेली. पंचविशीची असेल, बारीक चणीची. नंदाला बघून सूप बाजूला सारलं, पायरीवर जागा दिली.
"दमलीस व्हय गं? बस. नाव काय तुजं?"
नंदाला शाळेत शिकवलंय, नाव विचारलं की पूर्ण सांगायचं. उभीच राहिली सरळ.
"नंदा दिनकर जगदाळे."
मी रस्त्याच्या मध्ये. याच घडीसाठी मी आले होते, फक्त ती अशी येईल असं वाटलं नव्हतं. शालनचा हात शेंगेवर थांबला. नंदाकडं बघितलं, कपाळ, भुवया, हनुवटी. मग माझ्याकडं. मी नजर खाली घेतली नाही.
ती उठली. आत गेली. मला वाटलं म्हातारीला बोलावते. पाण्याचा तांब्या घेऊन आली. नंदा प्याली. तांब्या परत घेताना तिनं नंदाच्या बुटाच्या पट्ट्याला बोट लावलं. "हे टोचतं का गं?"
"नाही. थंडीतच दुखतं."
तेवढ्यात दि. सायकलवरून. जाड झालाय. आधी मला बघितलं, मग नंदाला. सायकल वळवली आणि आल्या वाटेनं गेला. एवढंच! पाच वर्षं वाट बघितली आणि त्याची पाठ बघायला मिळाली.
नंदा विचारत होती, "ते कोण गं?" म्हटलं, रस्ता चुकलेला माणूस.
मावशींना म्हटलं खोली पसंत आहे, बदली झाली की कळवते. पाचगणीच्या टेलिफोन ऑफिसचा पत्ता दिला.

९ डिसें., पाचगणी
आठवडाभर एकच हिशेब घोळतोय. गल्ली आज म्हणते खोट त्याच्यात. हे त्याचं त्यानंच केलंय, स्वतःच्या खोट्यानं. उद्या मी नंदाला घेऊन तिथं राहायला गेले तर? गल्ली म्हणेल, अरे, याला तर पोरगी आहे! मग खोट शालनमध्ये. तो धुतल्या तांदळासारखा मोकळा, आणि म्हातारी तिला चार दिवसांत एसटीत बसवेल.
म्हणजे मी त्याचीच सोय करणार.
नाही. बसू दे त्याला त्याच चिखलात. मी लांब राहिले तर तो रोज खाली मान घालून चालेल आणि कारण कुणाला सांगू शकणार नाही. ही शिक्षा जास्त चांगली. मिरज पहिलं लिहावं. दवाखाना तिथं, रस्ता सपाट.
शालनची दया आली म्हणून नाही. तसं कुणी समजू नये. (कोण समजणार? वही माझी.)

१८ डिसें.
बोर्डावर होते. सांगलीवरून कुसुम. आवाज वेगळाच. "पी.पी. कॉल आहे पाचगणीला. तुझ्याच नावचा. घेतेस का?"
घेतला.
"सुमन, मी बोलतोय."
"बोला."
"हे बघ, समोर खोली बघितलीस म्हणे. आमच्या गल्लीत येऊ नकोस. मिरजेत राहा. मी घर बघून देतो, शाळेचं बघतो. माझी इथं इज्जत आहे."
"मुलीला बघितलंत?"
पलीकडं घसा खाकरला.
"केवढी झालीय ते तरी?"
"सुमन, लोक काय म्हणतील याचा विचार कर."
"लोक आत्ता काय म्हणतात ते ठाऊक आहे का तुम्हाला?"
श्वास ऐकू आला नुसता. म्हणजे ठाऊक आहे. सगळं ठाऊक आहे, आणि तरी त्याला तेच परवडतं. लंगड्या मुलीचा बाप म्हणवून घेण्यापेक्षा नामर्द म्हणवून घेणं परवडतं.
"तीन मिनिटं झाली," म्हटलं आणि पिन काढली. झाली नव्हती. दीडच मिनिट झालं होतं. नोकरीत पहिल्यांदा असं केलं.
आता मिरजही त्याच्या तोंडून उष्टी झाली.

२७ डिसें.
थंडी फार. नंदा दोन दिवस घरी. गरम पाण्यात पाय धरून बसते, पाणी निवलं की हाक मारते. रात्री मिरजेच्या भोपळ्यांबद्दल विचारत होती, त्यांच्या आत काय असतं. आत काही नसतं म्हणून तर वाजतात म्हटलं. म्हणाली, "मग आपण तिथंच जाऊ. तिथं मी बसले नव्हते."
हे तिनं मोजलं होतं. मी तेवढं सोडून बाकी सगळं मोजत होते.

२९ डिसें.
अर्ज भरला. मिरज, विटा, सांगली. कारण: मुलीची प्रकृती. साहेबांच्या हातात दिला. सगळे अर्ज पुढच्या शनिवारच्या टपालाला जाणार.
त्याच्या मनासारखं झालं याचा जाळ गिळवत नाही. पण दिला.

५ जानेवारी १९७४, शनिवार
सकाळच्या टपालात ऑफिसवर माझ्या नावचं पाकीट आलं, शिपायानं घरी आणून दिलं. शिसपेन्सिलीनं लिहिलेलं, अक्षर शाळकरी. उतरून ठेवते.
"सुमनताईंस शालनचा नमस्कार. पत्ता मावशींनी दिला. पोरीनं नाव सांगितलं तवाच मला सगळं कळलं. रातीला मी विचारलं तर त्यांनी पोरगी माझी न्हाई म्हणून शपत घेतली. आईच्या डोक्यावर हात ठेवून. म्हातारी गप बसली. तुमी आलासा तर माझ्यातच खोट ठरंल आन मला माहेरी धाडतील, हे मला कळतंय. शिराळ्याची एसटी मला ठावं हाय. पर ताई, चार वर्सं मी दुसऱ्याच्या खोट्यासाठी उपास केलं. एक डाव गल्लीसमोर त्यांच्या तोंडानं निघू दे, ही माझी पोरगी म्हणून. मग मी माझी जाईन. मला मागं काय उरलं न्हाई. तुमी या. पोरीला घिऊन या. पाय दुखत असंल तर माझ्या पायरीवर बसवा."
तीनदा वाचलं.
मी तिला वाचवायला निघाले होते आणि तिला वाचायचं नाहीय. तिला हवंय तेच मला हवंय, माझ्यापेक्षा जास्त. आणि नंदाला? नंदाला मिरज हवीय.
आत्ता एक वाजलाय. ड्यूटी दोनला. टपालाची थैली तीनला बांधतात. तोवर अर्ज साहेबांच्या टेबलावर असतो, मी बघितलाय, वरून चौथा. क्रम बदलायला एक रेघ पुरते. मिरजेपुढचा एक आणि सांगलीपुढचा तीन, गोलातले आकडे.
नंदाची शाळा सुटलीय आज लवकर. "आई, मीपण येते ऑफिसात, उतार आहे, मला जमेल." बूट घालतेय दारात. तिच्याबरोबर निघालं की अर्धा तास लागतो, एकटी गेले तर दहा मिनिटं.
पट्टा लावायला मदत नको म्हणते. मी उभी आहे. लेखणी बरोबर घेतलीय.