जावयाला लागलेला पाय

…आणि आमच्या राजपालने चेंडू स्वच्छ काढून घेतला, ताई. मी ओरडायला तोंड उघडलं, तोच त्याचा पाय तुझ्या बादलच्या पोटरीला लागला. राजपाल थांबला, वाकला, बादलच्या पायाला हात लावून त्याने तो आपल्या कपाळाला लावला. तोवर बादल गोल करून परत आला होता. (आशीर्वाद द्यायला नव्हे.)

साष्टांग नमस्कार राहिला, तो इथे घे. गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस. आम्ही मजेत, म्हणजे चार-शून्यने हरलेली माणसं असतात तितके.

मला अजून कळत नाही. तुझी वाशिमच्या कॉलेजची पोरं आणि माझी मंगरूळपीरची, यांत फरक काय? दोन वर्षांपूर्वी त्यांतली निम्मी आसेगावात एकाच मैदानावर खेळत होती. बादल पळतो तितकाच राजपाल पळतो. मध्यंतरापर्यंत शून्य-शून्य होतं. मग तू बादलला राजपालसमोर आणलंस. राजपालच्या बहिणीशी, योगिनीशी, त्याचं साक्षगंध होऊन दहा दिवस झालेत, हे तुला माहीत होतं. मलाही होतं (मी जेवायला होतो). तू त्यातून डाव काढलास, मी बुंदी वाढून घेतली.

तेही सोड. धक्का पुढे आहे. तुझ्या पोरांचे पायही आमच्यांना लागत होते. एकही वाकला नाही. बादलला विचारलं. म्हणाला, "म्याडमनं महिनाभर तेच करून घेतलं. एकमेकाले पाय लावा अन् पुढं पळा. जो वाकला त्याले दोन चकरा." महिनाभर, ताई. त्याच महिन्यात मी खिलाडूवृत्तीवर चार व्याख्यानं दिली (मराठीच्या प्राध्यापकाला प्रशिक्षक केलं की असं होतं). पोरांना चारही पाठ आहेत. आमचा गोलरक्षक मुन्ना राजपालचा चुलतभाऊ. चारही वेळा तो बाजूला का सरला, असं विचारलं तर म्हणाला, "जावई दारात आले, सर. दार लावता येते काय?"

रविवारी तुमच्या मैदानावर परतीचा सामना. तोही हरलो तर पुढल्या वर्षापासून आमच्याकडे फुटबॉल बंद, असं प्राचार्यांनी लेखी दिलं आहे. पोरांनी कागद वाचला. राजपालने बूट पुसले आणि पिशवीत भरले.

तुझ्यावर राग नाही. खेळ तो खेळ.

तुझा,
गोविंद

ता. क. रविवारी बादलला बाकावर बसव. पोट दुखतंय म्हणून सांग. आजवर मी तुझ्याकडे काही मागितलं नाही (मोटारसायकल सोडून).

ता. क. २. वरचं खोडून वाच. पत्र रात्री टाकायचं राहिलं. आज सकाळी सहाला मैदानावर गेलो तर राजपालची आई, चतुराबाई, पहिल्या एसटीने येऊन उभी. हकीकत तिच्या कानावर गेली होती. राजपालला म्हणाली, "मांडवात मी धुतो त्याचे पाय. तू इथं काहून वाकतं बे? हाण." मग बादल समजून मुन्नाला समोर उभं केलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी बसा, सर." मी बसलो. तासाभरात राजपालने मुन्नाला अकरा वेळा पाडलं, वाकला एकदाही नाही. मुन्नाचा घोटा सुजला आहे. डॉक्टरांनी तीन आठवडे सांगितले. रविवारी गोलमध्ये कोण उभं राहणार, ते अजून ठरलेलं नाही.