डॉक्टरांनी मागितलेला फोटो

स्वप्नाली,

वरण-भात झाकून ठेवलाय, क्लासहून आलीस की गरम करून घे. मी तपासणीला दवाखान्यात चालले. पप्पांना फोन करू नको, आडतीवर सध्या लई गर्दी हाय.

मी सारखं मीठ खाते म्हणून तू चिडायचीस ना? डॉक्टर म्हणले, किडनीवरच्या ग्रंथीचा आजार असंल, क्वचित कुणाला होतो. थकवा, मीठ आन् हे अंगाचं काळवंडणं, सगळं त्याचंच. जन्मभर गोळ्या घेतल्या की भागतं.

रंग ताडून बघायला त्यांनी माझा जुना फोटो मागितलाय. लग्नाचे भूकंपात गेले. अल्बमात सगळे तुझेच हायेत. एकात तुला उभं धरलेला माझा हात तेवढा आलाय. तोच घेऊन जाते.

– आई