केनवडची पळालेली पेशंट

कॅप्टन इकराबाई, मुक्काम मालेगाव, यांले केनवडहून निकिताचा सलाम. तुह्या अम्मीचा गुडघा आता बरा असंन. अब्बाचं दुकान अर्धं शटर पाडून चालू आहे असं ऐकलं. आमच्या इकडं सारे खुशाल, म्हणजे खाऊन राह्यले, झोपून राह्यले अन् उठून पुन्हा ‘आज भाजी कायची?’ विचारून राह्यले.

मीच तेवढी खुशाल नाही. लॉकडाऊननं कॉलेज बंद झाल्यापासून बाजेवर पडून ऑनलाइन लेक्चर चालू आहे (सर बोलतात, नेटवर्क अडते, मी भजे खाते). एका जागी बसवत नाही अन् उठली तर जायचं कुठं, हे कळत नाही. पंधरा दिवसाखाली खेळाच्या सरचा फोन आला, का कबड्डीची विद्यापीठाची निवड कवाही लागू शकते, तयारी ठेवा. मी हौसेनं टीमची जर्सी काढली. डोकं गेलं, एक हात गेला, मंग ना आत ना बाहेर. शेवटी आईनं अन् शेजारच्या मोतीबाईनं दोन्हीकडून ओढून मले सोडवलं. एवढी पक्की पकड मले आजवर कोण्या टीमनं केली नव्हती.

म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर रिसोडच्या रस्त्यानं पळाले निघाली. तोंडाले दुपट्टा बांधला होता, कारण नियम आहे. आता आमच्या शाळेत पुण्याहून आलेल्या लोकायले वेगळं ठेवलं आहे, अन् गावची समिती काठ्या घेऊन फाट्यावर बसते. त्यातल्या फुलसिंगकाकानं मले पाह्यलं अन् बोंब ठोकली, “शाळेतली पेशंट पयाली रे!” झालं. सारी समिती माह्या मागं. मले वाटलं पोलीस आले, म्हणून मी अजून जोरात. मागून आवाज यायचा, “धरा तिले!” अन् लगेच दुसरा, “तूच धर ना, मले कायले सांगतं?” (पेशंटले हात कोण लावणार? सारे अंतर ठेवून पळून राह्यले.)

मले कोणीच धरलं नाही, इकरा. मीच बसली. नाल्याच्या पुलापर्यंतही गेली नसंन, दमच संपला. एका श्वासात समोरची अर्धी टीम फिरवून येणारी मी, डांबरी रस्त्याच्या मधात फतकल मारून भात्यासारखी धापा टाकत होती, अन् समिती लांबून गोल करून उभी. तेवढ्यात गोजराकाकू गवताचा भारा घेऊन आली. सरळ जवळ येऊन तिनं माह्या तोंडावरचा दुपट्टा खाली केला.

“अवं, हे त नानाजीची पोरगी निकी व्हय! काहून वं, तू त मोठी खेळाडू होती ना?”

सारे हसले. मीही हसली. पण त्या ‘होती’नं जे लागलं, ते घरी येऊन जेवतानाही गेलं नाही. बाबानं गावच्या ग्रुपवर टाकलं, ‘सकाळी पळणारी मुलगी पेशंट नसून माझी आहे.’ तवापासून मी रोज जाते. थांबते, बसते, पुन्हा उठते. काल पूल ओलांडला. फुलसिंगकाका आता फाट्यावरून काठी हालवून ओरडतात, “थांबू नको, पोरी!” (स्वतः मात्र खुर्ची सोडत नाहीत.)

अम्मी-अब्बाले माहा सलाम सांगजो.

तुही,
निकिता

ता. क. आपल्या टीममध्ये तुहा दम सगळ्यात लांब, हे मी तोंडावर कधी म्हटलं नाही. आता लिहून देते.

आणखी ता. क. तुह्या भावानं, मुबश्शिरनं, सांगितलं का बिमारीतून उठल्यावर जिना चढताना तू अर्ध्यातच बसतं, अन् खेळ सोडला म्हणतं. म्हणून हे सारं लिहिलं, नाही तर माही फजिती मी कायले सांगू? एसटी सुरू झाली का इकडं ये. पयले नुसतं चालू. पळाचं मंग पाहू. सरले मी तुले न विचारताच सांगून टाकलं, का निवडीले आमी दोघी येतो. शिव्या द्यायच्या असतील त फोन उचल.