एकटा मी लाल

तीर्थस्वरूप गणपतराव भाऊजींस, दुर्गेशचा साष्टांग नमस्कार.

आपला गुडघा आता जिना चढू देतो असं ताईनं कळवलं, जीव भांड्यात पडला. (माझे गुडघे ठणठणीत आहेत, पण घरी बसणाऱ्याला त्यांचा उपयोग काय?)

आपण याच कंपनीच्या जरीपटका भागातल्या ऑफिसात तक्रारी सांभाळता, तेव्हा इथल्या ऑफिसात मी सहा वर्षं काय करतो हा प्रश्न आपल्याला पडला असेलच. प्रोग्राम लिहिण्याआधी त्याचा नकाशा काढतात, चौकटी आणि बाणांचा. त्यासाठी जगभर एक ठरलेली चित्रभाषा आहे. पण ती करणारे शहाणे इतवारीच्या बाजारात कधी आलेले दिसत नाहीत. आपल्या गिऱ्हाईक धान्यवाल्यांचा निम्मा सौदा मूठभर तूर हातावर घेऊन, नुसती मान हलवून होतो, आणि त्याला त्या भाषेत खूणच नाही! म्हणून मी भर घातली: मुठीची खूण, मान हलवल्याची खूण, आणि ‘आधी मोठ्या भावाला विचारून’ यासाठी वेगळा तुटक बाण. वर एक नियमही केला: जिच्याकडे एकही बाण येत नाही ती चौकट बिनकामाची, ती आपोआप लाल होईल. या नियमाबद्दल तेव्हा मला पेढे मिळाले होते.

गेल्या सोमवारी श्रीधर साहेबांना हुक्की आली. त्यांनी माझ्याच भाषेत अख्ख्या कंपनीचा नकाशा काढला. माणूस म्हणजे चौकट; कोण कोणाकडे काम घेऊन जातो, तो बाण. पडद्यावर सगळे काळे, एकटा मी लाल. (चहावाल्या कवडूकडे अकरा बाण होते. अकरा!) मी प्रत्येक खूण इतकी नीट समजावून लिहून ठेवली, की मला काही विचारायची कुणाला गरजच उरली नाही. साहेब म्हणाले, “दुर्गेश, तुले कोनी काही विचारूनच नाही राहिलं गा. मी काय करू? नियम तर तुहाच हाय.” त्यांची हळहळ खरी होती, याचाच जास्त राग आला. ज्याला धड काही जमत नाही त्याच्याभोवती दिवसभर गर्दी, आणि तोच कंपनीचा आधारस्तंभ. नीट काम करणाऱ्याची अशी माती होते, भाऊजी.

ताईला यातलं काही सांगू नका.

आपला,
दुर्गेश

ता. क. शुक्रवारी नकाशा पक्का होऊन लाल चौकटीला नारळ मिळणार आहे. आपल्याकडून माझ्याकडे एक बाण काढाल का? खोटी तक्रार असली तरी चालेल.

ता. क. २. लपवत नाही: नात्यातल्या माणसानं बाण काढला तर दोन्ही चौकटी लाल होतात. (इतवारीतल्या मेहुण्यामेहुण्यांच्या खोट्या सौद्यांसाठी केलेला नियम.) म्हणजे आपलीही होईल. घाबरू नका. तेवढा एकच नियम मी कुठेही लिहून ठेवलेला नाही. आपण लाल का झालात, हे विचारायला साहेबांना माझ्याकडेच यावं लागेल.