देव्हाऱ्यातला नारळ

कोपरखैरणे, शनिवार, २७ डिसेंबर

आज या वेळी मनालीच्या वाटेवर असायला हवं होतं. दिल्लीत धुकं, फ्लाइट कॅन्सल, एअरपोर्टवरूनच माघारी आलो. इथे मात्र पंखा लावून बसलोय.

निघताना सासूबाईंनी देवापुढे नारळ ठेवला होता, सुखरूप परतलो की फोडायचा म्हणून. साताऱ्याकडची त्यांची पद्धत. आता हे म्हणतात, "आई, आलो ना परत? फोडून टाक." सासूबाई म्हणाल्या, "आरं, गेलोच कुठं आपण? आन् फोडला की ट्रिप संपली." मला दोघांचंही पटतं. मग करायचं काय?

फेब्रुवारीत तन्वीचं लग्न. चौघांची ही शेवटची ट्रिप, असं मीच सारखी म्हणत होते. पोरगी मात्र गुपचूप स्वेटर कपाटात ठेवत होती. तिला वाईट वाटलं की सुटल्यासारखं वाटलं? आणि मला नक्की कशाचं वाईट वाटतंय, बर्फाचं?

फ्रीज रिकामा करून निघालो होतो. आमटीला खोबरं नव्हतं. तन्वी म्हणाली, "मम्मी, देवापुढचा नारळ घेऊ?"

मी चप्पल घातली आणि खाली जाऊन दुसरा नारळ घेऊन आले.